काळाचे जुळे पुत्र

काळाला देव मानणें ही गोष्ट जगांत नवी नाहीं. आपल्याकडे अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडांत दोन सूक्तें कालाला वाहिलेलीं आहेत आणि तेथें तो सर्व भूतमात्राचा जनक ठरला आहे. मैत्री उपनिषदानें ब्रह्माचीं काल व अकाल अशीं दोन रूपें सांगितलीं. गीतेच्या अकराव्या अध्यायांत तर साक्षात् भगवंतांनीं आपण काल असल्याचें सांगून अर्जुनाची गाळण उडविली. परंतु हा आपला काल कितीहि उग्र असला तरी मनानें निश्चिंत आहे. तो पिकवितो आणि खातो. खाल्ल्याबद्दल त्याला खेद नाहीं, आणि पिकविण्यांत त्याचा कांहीं हेतु असल्याचेंहि दिसत नाहीं. काळालाच एखादें मूल हवेंसें वाटलें, त्यासाठीं त्यानें वर्षानुवर्षें व्रत केलें, आणि व्रत पुरें होत आलें असतां याचा कांहीं उपयोग होईल ना, अशी शंका त्याच्या मनाला चाटून गेली, ही कल्पना प्राचीन इराणांत जन्मली. त्या चिंताग्रस्त काळाचें नांव झुर्वान. हा देव आमच्या मनांत पुष्कळ वर्षांपासून ठाण मांडून बसला आहे. त्याच्याविषयीं चार शब्द लिहून वाचकांपुढें ठेवावे अशी इच्छा होती, ती आज पुरी करीत आहों.

कथा अशी आहे. आकाश नव्हतें, पृथ्वी नव्हती, निर्माण झालेली कोणतीहि वस्तु नव्हती, तेव्हां एकटा झुर्वान होता. आपल्याला एक पुत्र व्हावा, त्याचें नांव होर्मझ्द असावें आणि त्यानें आकाश व पृथ्वी निर्माण करावी, या इच्छेनें त्यानें एक हजार वर्षें यज्ञ केला. इतकीं वर्षें लोटल्यावर त्याच्या मनांत आलें कीं, आपण हा जो यज्ञ करीत आहों त्याचें फळ खरोखरच पदरांत पडेल, कीं हे सारे श्रम व्यर्थ जातील? ही शंका आली आणि गर्भधारणा झाली. पण एकाची नव्हे, दोघांची. यज्ञाच्या पुण्याईनें होर्मझ्द, आणि शंकेच्या पोटीं अह्रिमन. हा गर्भ कोणाच्या उदरांत राहिला हें कथेंत धड सांगितलेलें नाहीं. आईचा ओझरता उल्लेख होतो, पण तिला ना नांव ना रूप. कित्येक पंडितांनीं तर झुर्वानच माता आणि तोच पिता असा निकाल देऊन प्रश्न मिटविला आहे. हजार वर्षांच्या व्रताचें श्रेय बापाला आणि बाळंतपण मात्र निनांवी, यावर आमच्या घरांतील स्त्रीवर्गानें ओढलेले ताशेरे येथें देत नाहीं.

उदरांत दोन जीव आहेत हें कळल्यावर झुर्वानानें संकल्प केला कीं, जो माझ्यापुढें आधीं येईल त्याला मी राजा करीन. बापाचा हा बेत होर्मझ्दाला गर्भांतच उमगला, आणि त्यानें तो सरळपणें आपल्या भावास सांगून टाकला. अह्रिमनानें मग दिवस भरण्याची वाट पाहिली नाहीं. उदर फाडून तो बाहेर आला व बापापुढें उभा राहिला. तूं कोण, असें झुर्वानानें विचारलें. मी तुझा पुत्र, असें उत्तर आलें. माझा पुत्र तेजस्वी आणि सुगंधी आहे, तूं तर काळा आणि दुर्गंधी आहेस, असें बाप म्हणतो आहे तोंच दिवस भरून जन्मलेला होर्मझ्द तेथें आला. त्याला पाहतांच बापानें ओळखलें. यज्ञभर हातांत धरलेली बरसमाची जुडी (आपल्याकडील दर्भाच्या मुठीसारखी ही काड्यांची जुडी असते) त्यानें मुलाच्या हातांत दिली, आणि आजवर मीं तुझ्यासाठीं यज्ञ केला, यापुढें तूं माझ्यासाठीं कर, असें सांगितलें. तेवढ्यांत अह्रिमन पुढें सरसावला आणि त्यानें बापास त्याच्या शब्दाची आठवण दिली. शब्द मोडवेना. झुर्वानानें अह्रिमनाला नऊ हजार वर्षांचें राज्य दिलें, होर्मझ्दाला त्याच्यावर अधिपति नेमिलें, आणि मुदत सरल्यावर सर्व सत्ता होर्मझ्दाची होईल असें ठरविलें. मग दोघेहि सृष्टि रचूं लागले. होर्मझ्दानें केलें तें सरळ आणि चांगलें झालें, अह्रिमनानें केलें तें वांकडें आणि वाईट झालें; आणि त्या नऊ हजार वर्षांतच आपण सर्व राहत आहों.

ही कथा वाचून मराठी वाचकास दशरथाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. तेथेंहि शब्दांत सांपडलेला बाप आहे, भलत्याच मुलाकडे गेलेलें राज्य आहे, आणि राज्याला घातलेली वर्षांची मुदत आहे. पण दशरथाचें दुःख त्या मानानें सोपें म्हटलें पाहिजे. त्यानें वर दिले ते दुसऱ्याला, रणांत झालेल्या उपकाराची फेड म्हणून. आणि त्या वरांचा परिणाम पाहण्यास तो फार दिवस जगलाहि नाहीं. झुर्वानानें शब्द दिला तो आपल्या स्वतःलाच. मागणारा कोणी नव्हता, साक्षीदार नव्हता, मोडला असता तर जाब विचारणारा कोणी जन्मलेला नव्हता. आणि मरण तर काळाला नाहींच. नऊ हजार वर्षें रोज आपल्या शब्दाचें फळ पाहत बसणें एवढेंच त्याच्या हातीं उरलें.

आतां एक चमत्कारिक गोष्ट सांगितली पाहिजे. एवढी मोठी कथा, पण ती सांगणारा एकहि सांगोपांग जुना ग्रंथ जरथुष्ट्री धर्माच्या अनुयायांनीं राखलेला नाहीं. ती आपल्याला मिळाली आहे ती त्या धर्माच्या विरोधकांकडून. पांचव्या शतकांतील आर्मेनियन ख्रिस्ती पंडित एझनिक यानें परमतांचें खंडन करणारा एक ग्रंथ लिहिला, त्यांत ती सविस्तर आहे. आठव्या शतकांतील सिरियन लेखक थिओडोर बार कोनाय यानेंहि ती दिली आहे. आर्मेनियन लोकांना तिची ओळख पुस्तकांतून झाली नव्हती. सासानी बादशहा दुसरा यज्दगर्द याचा वजीर मिहिर-नरसेह यानें इ. स. ४४९ च्या सुमारास आर्मेनियन ख्रिस्त्यांना इराणी धर्म स्वीकारण्याविषयीं फर्मान धाडलें. इतिहासकार एलिशे यानें त्या फर्मानाचा जो मजकूर दिला आहे त्यांत हीच कथा येते. पुढें ४५१ सालीं अवरायरच्या मैदानावर आर्मेनियन सरदार या प्रकरणीं लढून मेले. या वजिरानें आपल्या एका मुलाचें नांव झुर्वानदाद ठेवलें होतें, म्हणजे आपल्या भाषेंत कालदत्त. आणि त्या मुलास त्यानें धर्मखात्यांत मोठ्या अधिकारावर चढविलें होतें. तेव्हां कथा निव्वळ शत्रूंनीं रचलेली होती असें म्हणतां येत नाहीं. वजिराच्या वाड्यांत ती श्रद्धेनें सांगितली जात असली पाहिजे.

एझनिकाची लेखणी तिखट आहे. त्याचा पहिला प्रश्न असा कीं, दुसरें कांहींच नव्हतें तर झुर्वानानें यज्ञ केला तो कोणाला उद्देशून? त्याच्याहून थोर कोणी असेल तर तोच देव ठरतो. आणि नसेल तर हजार वर्षें चाललेला तो खटाटोप कशासाठीं? तर्काच्या दृष्टीनें या प्रश्नास उत्तर नाहीं. परंतु आम्हांस असें वाटतें कीं, एझनिकानें जेथें बोट ठेवून हसूं आणलें तेथेंच या कथेचें मर्म आहे. तीस वर्षें एका गांवांत मुलांना अंकगणित शिकविणारा शिक्षक, कोरड्या आभाळाखालीं पेरणी करणारा कुणबी, शब्दकोशाच्या चिठ्ठ्या जमवितां जमवितां म्हातारा झालेला पंडित, यांना विचारा कीं तुमचा यज्ञ कोणासाठीं चालला आहे. ते चटकन् उत्तर देऊं शकणार नाहींत. आणि एखाद्या रात्रीं याचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांच्या उशाशीं येऊन बसला नसेल असेंहि नाहीं. झुर्वानाची शंका ही कोणा पाखंड्याची शंका नाहीं. देव आहे कीं नाहीं असें तो विचारीत नाहीं. आपल्या श्रमांचें कांहीं होईल का, एवढेंच विचारतो. ही शंका फक्त श्रम करणाऱ्यालाच येते.

पण याच ठिकाणीं आमचें आणि कथेचें बिनसतें. हजार वर्षांच्या निष्ठेचें फळ एक पुत्र, आणि क्षणभराच्या शंकेचें फळहि एक पुत्रच. तोहि थोरला, आणि राज्याचा पहिला मानकरी! इतका कठोर हिशेब कोणत्या न्यायांत बसतो? शंका आली म्हणून जगांतलें सगळें दुखणें, दुष्काळ आणि मरण तिच्या माथीं मारावयाचें असेल, तर प्रामाणिक माणसाला जगणें अशक्य होईल.

ही कथा मुळांत निघाली कशी, याचा उलगडा बराचसा झालेला आहे. जरथुष्ट्राच्या गाथांपैकीं एका गाथेंत दोन आद्य प्रवृत्ति सांगितल्या आहेत, एक हितकर व एक घातक, आणि त्यांना जुळे म्हटलें आहे. त्या गाथेंत अहुर मज्द या दोहोंच्या वर आहे. पुढें कालांतरानें हितकर प्रवृत्ति म्हणजेच अहुर मज्द, असें समीकरण रूढ झालें. अहुर मज्दाचा होर्मझ्द झाला आणि तो स्वतःच जुळ्यांपैकीं एक होऊन बसला. मग वरची जागा रिकामी पडली. जुळे म्हटले कीं बाप आलाच. हा बाप कोण? त्या रिकाम्या गादीवर विचारवंतांनीं काळाला नेऊन बसविलें. ही घडामोड बरीच जुनी असावी. ॲरिस्टॉटलचा शिष्य युडेमस यानें, मगी लोकांपैकीं कांहीं जण दिशेला आणि कांहीं जण काळाला आद्य तत्त्व मानितात व त्यांतून एक शुभ देव आणि एक अशुभ शक्ति निघाली असें सांगतात, अशी नोंद केल्याचें सहाव्या शतकांतील डमॅस्कियस या ग्रंथकारानें लिहून ठेवलें आहे. उलट पक्षीं नवव्या-दहाव्या शतकांत तयार झालेल्या दीनकर्द या पहलवी ग्रंथांत, होर्मझ्द व अह्रिमन एका उदरांतले भाऊ होत हें वचन एका राक्षसाच्या तोंडीं घालून तें निषिद्ध ठरविलें आहे. घरांतील जुनें भांडण चव्हाट्यावर येऊं नये म्हणून वडीलधारी मंडळी जसें करितात तसेंच हें झालें.

खुद्द अवेस्तेंत झुर्वान आहे, पण अगदीं अंग चोरून. तेथें त्याला दोन विशेषणें आहेत: अमर्याद काळ, आणि दीर्घ पल्ल्याचा स्वयंशासित काळ. वेंदिदादाच्या एकोणिसाव्या प्रकरणांत असें आहे कीं, मेल्यानंतर पुण्यवान् आणि पापी असे दोन्ही जीव काळानें आंखलेल्या वाटेनेंच चिन्वत् सेतूकडे जातात. महिन्याच्या एकविसाव्या, म्हणजे राम नांवाच्या दिवसाच्या स्तवनांत वायु आणि आकाश यांच्या बरोबरीनें त्याचें नांव घेतात. यापलीकडे त्याला ना कथा, ना मंदिर. त्याची म्हणून खात्रीनें ओळखतां येईल अशी मूर्तिहि नाहीं. रोमन साम्राज्यांतील मिथ्राच्या गुहामंदिरांत अंगाभोंवतीं सर्पाचे वेढे असलेली एक सिंहमुखी मूर्ति सांपडते. ती झुर्वानाची असें फ्रान्झ क्युमाँ यांनीं मानिलें, पुढील पंडितांनीं तें फारसें मान्य केलें नाहीं.

या देवाच्या चरित्रांतील एक प्रकरण मात्र आपल्या मुंबई-पुण्याचें आहे, आणि तें व्याकरणाचें असल्यामुळें आम्हांस विशेष प्रिय आहे. आंकेतिल द्युपेराँ या फ्रेंच गृहस्थानें सुरतेस राहून दस्तूर दाराब यांजपाशीं पारशी धर्मग्रंथांचा अभ्यास केला व १७७१ सालीं पॅरिसमध्यें अवेस्तेचें भाषांतर छापलें. वेंदिदादांतील एका वाक्यांत ‘झ्रुनि अकरने’ असे शब्द आहेत. आंकेतिलनें त्यांचा अर्थ असा बसविला कीं, अमर्याद काळच कर्ता आहे. झालें! पारशांचा मुख्य देव काळ, हें युरोपांत सर्वतोमुखीं झालें. १८४३ सालीं मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन यांनीं पारशी धर्मावर टीकेचा मोठा ग्रंथ लिहिला, त्यांत हें शस्त्र त्यांनीं मनसोक्त चालविलें. तुमचा होर्मझ्द स्वयंभू नाहीं, त्यालाहि बाप आहे; मग त्याला परमेश्वर कसें म्हणतां? विल्सनांच्या प्रयत्नानें १८३९ सालीं दोन पारशी तरुणांनीं ख्रिस्ती धर्म घेतल्यामुळें त्या समाजांत मोठी खळबळ उडालेली होती. तेव्हां हा प्रश्न निव्वळ पांडित्याचा नव्हता. कित्येक घरांतील आईबापांच्या तो जिव्हारीं लागला असेल.

पुढें १८५९ सालीं मार्टिन हाऊग हे जर्मन पंडित पुण्याच्या कॉलेजांत संस्कृतचे अध्यापक म्हणून आले. त्यांनीं १८६२ सालीं मुंबईस प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखवून दिलें कीं, ‘झ्रुनि अकरने’ ही प्रथमा नव्हे, सप्तमी आहे. काळ हा कर्ता नाहीं, अधिकरण आहे. शुभ शक्तीनें अमर्याद काळामध्यें निर्मिति केली, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. संस्कृत जाणणाऱ्या कोणाहि विद्यार्थ्यास हें पाहतांच पटावें इतकें सरळ आहे. नव्वद वर्षें युरोपच्या पंडितांनीं सिंहासनावर बसविलेला देव एका विभक्तीनें खालीं उतरला! हाऊग यांच्या म्हणण्यानें एझनिकाची कथा अर्थात् पुसली जात नाहीं. ती होती आणि आहे. परंतु पारशांच्या मूळ वेदाची तिच्यावर सही नाहीं, हें पुण्यांत ठरलें.

विसाव्या शतकांत या देवावर पुष्कळ शाई खर्ची पडली. रॉबर्ट झेनर यांनीं १९५५ सालीं झुर्वानावर एक जाडा ग्रंथ प्रसिद्ध केला व झुर्वानी मत हा सासानी अमदानींतील एक बलाढ्य पंथ होता असें मांडलें. हेच झेनर १९५१-५२ सालीं ब्रिटिश सरकारच्या गुप्त कामगिरीवर तेहरानांत राहून मोसद्देक यांचें मंत्रिमंडळ उलथविण्याच्या खटपटींत होते. दैवाचा अभ्यास करणाऱ्यानें दुसऱ्याच्या दैवांत हात घालावा, हा योग मोठा विलक्षण. १९९२ सालीं शाऊल शाकेद यांनीं याच्या उलट प्रतिपादन केलें: वेगळा पंथ असा नव्हताच, सृष्टीच्या उत्पत्तीविषयीं त्या काळीं ज्या अनेक कथा इराणांत सांगत त्यांपैकीं ही एक. सासानी बादशहांच्या शिलालेखांत झुर्वानाला स्थान नाहीं हें लक्षांत घेतां आमचा कल शाकेद यांच्याकडे आहे.

पण आम्हांस खरें कुतूहल आहे तें नऊ हजार या आंकड्याचें. बुंदहिश्न या पहलवी ग्रंथांत सृष्टीची कथा सनातन पक्षानें आपल्या परीनें सांगितली आहे, आणि तेथेंहि नऊ हजार वर्षांची मुदत आहेच. मात्र तिचा अर्थ पार पालटला आहे. येथें बाप नाहीं, शंका नाहीं, शब्दांत सांपडणें नाहीं. होर्मझ्द वर प्रकाशांत आहे, अह्रिमन खालीं काळोखांत आहे, मध्यें पोकळी आहे. होर्मझ्दाच्या ध्यानांत आलें कीं, झगड्याला मुदत घातली नाहीं तर तो कधींच संपणार नाहीं. म्हणून त्यानें नऊ हजार वर्षांचा करार पुढें केला, आणि अह्रिमनाला पुढचें दिसत नसल्यामुळें तो त्यांत फसला. अमर्याद काळांतून कापून काढलेला मर्यादित काळ हा येथें सांपळा आहे. वाईटाला अंत यावा म्हणून काळाला अंत दिला. एका कथेंत जी मुदत बापाच्या अगतिकपणाची शिक्षा आहे, तीच दुसरींत शहाण्या सेनापतीची युक्ति आहे.

आणि या दुसऱ्या कथेंत एक प्रसंग आहे, त्यासाठीं आम्ही झुर्वानाची सगळी भव्यता सोडून देण्यास तयार आहों. माणसें देहांत येण्यापूर्वीं त्यांच्या फ्रवशी, म्हणजे अंतरात्मे, होर्मझ्दापाशीं होते. होर्मझ्दानें त्यांना विचारलें कीं, तुम्हांला काय पसंत आहे? देह धारण करून खालीं जाल, असत्याशीं झुंजाल, तर शेवटीं मी तुम्हांला पुन्हां निरोगी व अमर करून उठवीन. नाहीं तर येथेंच सदासर्वकाळ सुरक्षित राहाल. खालीं गेल्यावर काय काय सोसावें लागेल तें त्यांना दिसत होतें. तें पाहून त्यांनीं खालीं जाणें पत्करलें. झुर्वानाच्या कथेंत माणसाला कोणी कांहीं विचारलेंच नव्हतें. येथें त्याचा जन्म त्याच्या संमतीनें झाला आहे. आपल्या पूर्वकर्माच्या सिद्धांतांत जन्म हा मागील हिशेबाचा जमाखर्च असतो; येथें तो लढाईवर जाण्याची मान्यता आहे. ‘भोग’ या शब्दावर वाढलेल्या आमच्यासारख्यांस हें वाचून प्रथम अवघडल्यासारखें होतें.

भोग हा शब्द आमच्या घरांत सात वर्षें दिवसांतून दहा वेळां बोलला जात होता. आमच्या तीर्थरूपांना अर्धांगवायूचा झटका येऊन उजवें अंग लुळें पडलें. समाचाराला येणारा प्रत्येक जण प्रारब्ध, ललाटरेषा, साडेसाती यांपैकीं एखादा शब्द टेकवून चहा घेऊन जाई. मातोश्री त्यांना मान डोलवीत. त्यांचा स्वतःचाहि नशिबावर पुरा विश्वास. परंतु रोज पहाटे त्या वाटींत तेल कोमट करीत, तीर्थरूपांचा उजवा हात मांडीवर घेत, आणि एकेक बोट उघडून मिटून पाऊण तास चोळीत. सात वर्षांत त्यांनीं एक दिवस चुकविला नाहीं. हात परत आला नाहीं. मधल्या काळांत एकदां आम्हीं त्यांना विचारलें कीं, नशिबांत असेल तेंच व्हायचें असेल तर हें तेल कशाला? आणि उपयोग होत नाहीं असें कधीं मनांत येत नाहीं का? त्या म्हणाल्या, “अरे, येतं कीं. रोजच येतं. तेल कोमट होईपर्यंत येतं. मग हात हातांत घेतला कीं त्याची बोटं मोजायची असतात.”

मेनोग-इ-ख्रद नांवाचा एक पहलवी ग्रंथ आहे. ज्ञानदेवता आणि एक जिज्ञासु यांचा तो संवाद आहे. दैववादाचा सूर त्यांत इतका ठळक आहे कीं झुर्वानी मताचा पुरावा म्हणून पंडित त्याचाच हवाला देतात. दैव आलें कीं शहाणा चुकतो आणि मूर्खाचें साधतें, भित्रा शूर होतो आणि शूर भितो, असें त्यांत सांगितलें आहे. पण त्याच ग्रंथांत जिज्ञासूनें विचारलें आहे कीं, मग प्रयत्नाचा उपयोग काय? त्यावर उत्तर असें: जें वांट्यास नाहीं तें प्रयत्नानें मिळत नाहीं, जें आहे तें प्रयत्नानें लवकर येतें, आणि काळ अनुकूल नसल्यामुळें जो प्रयत्न येथें फुकट जातो, तो परलोकीं मदतीला येतो व तराजूच्या पारड्यांत पडतो. हा ग्रंथ संजाणचे पारशी पंडित नेर्योसंग धवल यांनीं अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमारास संस्कृतांत उतरविला. म्हणजे हें उत्तर आमच्या कोंकणपट्टीच्या उत्तर टोकाला, देवभाषेंत, आठ-नऊशें वर्षें पडून आहे. मातोश्रींनीं तें वाचलेलें नव्हतें. झुर्वानाला मात्र हजार वर्षें यज्ञ करून जें साधलें नाहीं तें त्यांना साधलें होतें: शंका रोज येऊनहि तिच्या पोटीं कांहीं जन्मूं दिलें नाहीं.

इराणांत इस्लामी अंमल स्थिरावल्यावर झुर्वानाचें नांव मागें पडलें. काळाचें दैवपण तेवढें उरलें, बापपण गेलें. फिर्दोसीनें १०१० सालीं पुरें केलेल्या शाहनाम्यांत मनूचेहर राजाच्या दरबारीं मोबेद तरुण झालला कोडीं घालतात. प्रत्येकीं तीस फांद्या असलेले बारा वृक्ष कोणते; एकमेकांमागें धांवणारे पण कधींच न गांठणारे काळा व पांढरा असे दोन घोडे कोणते; हिरव्या कुरणांत शिरून ओलें-वाळलें सरसकट कापणारा आणि कोणाच्या विनवणीला कान न देणारा विळेवाला कोण? झाल सांगतो कीं, तो कापणारा म्हणजे काळ आणि गवत म्हणजे आपण. त्याला आजा आणि नातू सारखेच. हा काळ आपल्या ओळखीचा आहे. याला ना मूल हवें आहे, ना शंका येते. कोडें बिनचूक सुटलें म्हणून दरबार खूष झाला. आम्हांस मात्र तेथें त्या हजार वर्षें काड्यांची जुडी धरून बसलेल्या म्हाताऱ्याची उणीव भासते.

तो म्हातारा नाहींसा झाला असें मात्र समजूं नये. सासानी राज्य पडण्याच्या आगेंमागेंच समरकंदकडील सोग्दियन व्यापारी रेशमाच्या वाटेनें पूर्वेकडे पसरले होते, आणि त्यांच्यांतील बौद्धांनीं धर्मग्रंथ आपल्या भाषेंत आणतांना हिंदु देवांच्या जागीं घरचे देव योजिले. ब्रह्मदेवासाठीं त्यांनीं झुर्वान घेतला. चतुर्मुख पितामहाला दुसरें कोणतें नांव शोभलें असतें? इंद्राच्या जागीं होर्मझ्द आला. हीं नांवें सोग्दियनांकडून उइगुरांनीं घेतलीं आणि त्यांच्याकडून मंगोलांनीं. म्हणून मंगोल भाषेंतील बौद्ध ग्रंथांत ब्रह्मदेवाला एस्रुआ आणि इंद्राला खोर्मुस्त म्हणतात. बाप आणि धाकटा मुलगा असे दोघे गोबीच्या वाळवंटापलीकडे पोंचले. थोरलाहि मागें राहिला नाहीं. अह्रिमनाचें सोग्दियन रूप शिम्नु. तेंहि त्याच वाटेनें मंगोलियांत गेलें, आणि तेथें तें नांव मिळालें तें माराला, बोधिवृक्षाखालीं बसलेल्या गौतमापुढें येऊन त्याच्या तपाविषयीं त्याच्या मनांत शंका उत्पन्न करूं पाहणाऱ्या त्या माराला.